नाइटिंगेल बाईंचा जमाखर्च

रात्रीच्या वेळी हाती दिवा घेऊन जखमी शिपायांच्या खाटांमधून हिंडणाऱ्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंचे चित्र आपल्या वाचकांपैकी बहुतेकांनी कोठे ना कोठे पाहिलेच असेल. ते चित्र खोटे नाही. परंतु चित्रकाराने बाईंस त्यांच्या कामाच्या एका घटकेपुरतेच दाखविले आहे. फेरी आटोपून खोलीत परतल्यावर बाई रात्री उशिरापर्यंत मेजाशी बसत, आणि पत्रे, मागण्या, याद्या व हिशोब लिहीत. त्यांच्या नव्वद वर्षांच्या आयुष्यात रोग्यांच्या उशाशी गेलेला काळ थोडा. वहीशी गेलेला काळ फार मोठा. ह्या लेखात त्या वहीविषयी सांगावयाचे योजिले आहे.

त्याचे कारण असे की, धुळे व जळगाव जिल्ह्यांतील आपल्या खेड्यापाड्यांच्या मंडळ्यांत उपदेशक बंधूंकडे उपदेशाखेरीज दुसरीही कामे येऊन पडतात. कोठे अर्पणाच्या पेटीचा हिशोब, कोठे धर्मार्थ दवाखान्याची कीर्द, कोठे औषधांच्या कपाटाची किल्ली. पुष्कळ बंधू ही कामे नाइलाजाने करतात. हिशोब हे दुकानदाराचे काम, आपले काम सेवेचे, अशी त्यांची समजूत असते. ज्या बाईंस सर्व जग सेवेचा नमुना मानते, त्यांची समजूत मात्र अशी नव्हती.

फ्लॉरेन्सचा जन्म ता. १२ मे १८२० रोजी इटली देशातील फ्लॉरेन्स शहरी झाला, व त्या शहराचेच नाव तिला ठेवण्यात आले. आईबाप इंग्रज, मोठे श्रीमंत. इंग्लंडात त्यांचे दोन वाडे होते. बाप विद्वान असून त्याने आपल्या दोन्ही मुलींस लॅटिन, ग्रीक, इतिहास इत्यादी विषय स्वतः शिकविले. फ्लॉरेन्सला गोडी लागली ती गणिताची. थोरामोठ्यांच्या मुलीने गणित शिकून काय करावयाचे, असे आईस वाटे. परंतु मुलीने हट्ट धरून शिकवणी मिळविलीच. सन १८३७ च्या फेब्रुवारी महिन्यात, सतरावे वर्ष पुरे होण्यापूर्वीच, देवाने आपणांस त्याच्या सेवेस बोलाविले आहे अशी तिची खात्री झाली. सेवा कोणती हे उमगण्यास आणखी काही वर्षे गेली. आणि ती सेवा रोग्यांची आहे असे ठरल्यावर घरच्यांनी वाट अडविली. त्या काळी इंग्लंडातील इस्पितळांत शुश्रूषेचे काम करणाऱ्या बायका बहुधा अशिक्षित व पुष्कळदा व्यसनी असत. अशा ठिकाणी कुलीन कन्येने जावे ही गोष्ट आईस व बहिणीस असह्य वाटली.

मग तिने काय केले? पहाटे घरातील मंडळी उठण्यापूर्वी मेणबत्ती लावून ती सरकारी अहवाल वाचू लागली. कोणत्या इस्पितळात किती खाटा, किती रोगी, किती मेले, काय खर्च झाला, हे ती वह्यांतून उतरून घेई, आणि एका इस्पितळाचे आकडे दुसऱ्याशी ताडून पाही. न्याहारीची घंटा झाली म्हणजे वही मिटून घरच्या कन्येप्रमाणे खाली जाई. अशी कित्येक वर्षे गेली. एकाही रोग्यास हात लावण्याची परवानगी मिळण्यापूर्वी युरोपातील इस्पितळांच्या कारभाराची जी माहिती तिला झाली, ती इंग्लंडात फार थोड्यांस असेल.

सन १८५१ साली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी, तिला जर्मनीतील कैसरस्वेर्थ येथे तीन महिने राहावयास मिळाले. तेथे पाळक थेओडोर फ्लीडनर ह्यांनी सन १८३६ साली सेविकांची संस्था व इस्पितळ सुरू केले होते. गावातील कापडाचा कारखाना बुडाल्यामुळे त्यांच्या गरीब मंडळीवर संकट आले, तेव्हा हे पाळक पैसे मिळविण्यासाठी परदेशी फिरले होते. त्या फिरण्यातच इतरांची सेवाकार्ये त्यांच्या पाहण्यात आली. कैसरस्वेर्थच्या सेविकांची भक्ती व साधेपणा बाईंस फार आवडला. तेथील स्वच्छता व शुश्रूषा मात्र त्यांस साधारणच वाटली, व पुढे त्यांनी तसे स्पष्ट सांगितले. चांगल्या हेतूची माणसे पाहिली म्हणून त्यांच्या कामातील उणे झाकावे, हा बाईंचा स्वभाव नव्हता.

ऑगस्ट १८५३ मध्ये लंडनच्या हार्ली स्ट्रीटवरील एका लहान रुग्णगृहाची व्यवस्था त्यांजकडे आली. निर्धन झालेल्या कुलीन स्त्रिया आजारी पडल्यास त्यांची तेथे सोय होई. पगार काही नव्हता. निर्वाहासाठी बापाने वर्षास ५०० पौंड लावून दिले. बाईंनी पहिली अट घातली ती अशी की, रोगी कोणत्या पंथाची आहे हे पाहून दाखल करावयाचे नाही. मग त्या घराच्या व्यवस्थेस लागल्या. गरम पाणी नळाने प्रत्येक मजल्यावर नेले. जेवण वर चढविण्यासाठी दोराने ओढावयाचा पाळणा बसविला, म्हणजे परिचारिकेचा अर्धा दिवस जिन्यावर जाणार नाही. वाणसामान रोज पुडीपुडीने येत असे, ते बंद करून घाऊक भावाने भरले. कोळसाही एकदम घेतला. मुरंबे घरी करवून बाजारभावाशी त्यांचा खर्च ताडून पाहिला. आणि दर तीन महिन्यांनी व्यवस्थापक मंडळीस लेखी अहवाल दिला: काय होते, काय बदलले, किती वाचले, काय अजून बाकी आहे. त्या संस्थेत बायकांची एक कमिटी व पुरुषांची दुसरी, आणि दोघींचे आपसांत पटत नसे. ज्यांनी मंडळीच्या पंचांबरोबर काम केले आहे त्यांस अधिक सांगण्याची गरज नाही. बाईंच्या हातचा लेखी अहवाल पुढे असल्यामुळे वादास जागा थोडी उरे, इतके खरे.

पुढच्याच वर्षी इंग्लंड क्रिमियाच्या युद्धात उतरले. युद्धखात्याचे मंत्री सिडनी हर्बर्ट ह्यांच्या विनंतीवरून बाई ३८ परिचारिकांसह ता. २१ ऑक्टोबर १८५४ रोजी निघाल्या, व ता. ४ नोव्हेंबर रोजी तुर्कस्तानात स्कुटारी येथील बराकींच्या इस्पितळात पोहोचल्या. तेथील घाण, गर्दी व हाल ह्यांचे वर्णन अनेकांनी केले आहे, म्हणून ते येथे पुन्हा करीत नाही. वाचकांनी लक्षात घ्यावी अशी गोष्ट वेगळी आहे. इंग्रज सरकारने पैसा दिला नव्हता असे नाही, मालही पुष्कळ पाठविला होता. कागदावर पाहावे तर सर्व यथास्थित होते.

उदाहरणार्थ सदऱ्यांची गोष्ट घ्या. लष्करी नियम असा होता की, शिपायाने इस्पितळात येताना आपला सदरा, काटा, चमचा आपल्या पाठीवरच्या पिशवीतून आणावा. तेव्हा इस्पितळाच्या कोठावळ्याने सदरा देण्याचे कारण नाही, कारण वहीप्रमाणे तो शिपायाजवळ आहेच. परंतु क्रिमियाच्या किनाऱ्यावर उतरतेवेळी, वरिष्ठांच्याच हुकुमावरून, शिपायांनी आपल्या पिशव्या मागे ठेविल्या होत्या. वहीत सदरा होता, अंगावर नव्हता. तसेच लिंबाच्या रसाचे. भाजीपाल्यावाचून शिपायांच्या हिरड्या सुजून रक्त येऊ लागले होते, व त्यावर लिंबाचा रस हा उतारा सर्वांस ठाऊक होता. ता. १० डिसेंबर १८५४ रोजी सुमारे २०,००० पौंड वजनाचा रस बालाक्लाव्हा बंदरी येऊन पडला. तो फेब्रुवारीपर्यंत कोणास मिळाला नाही, कारण रोजच्या शिध्याच्या यादीत लिंबाच्या रसाचे नाव नव्हते. कोठारात साठा पुरेपूर, हिशोबात एका थेंबाची तूट नाही, आणि माणसे मरत होती! अशा हिशोबास आपण चोख म्हणावे काय?

बाईंजवळ लोकांनी वर्गणीने जमविलेला पैसा होता. त्यातून त्यांनी आपले निराळे कोठार उघडले, कॉन्स्टँटिनोपलच्या बाजारातून माल आणविला. आणि तरीही डॉक्टरची लेखी मागणी असल्यावाचून एकही वस्तू दिली नाही. काही परिचारिकांस हे निष्ठुरपणाचे वाटे. समोर मनुष्य थंडीने कुडकुडत आहे व बाई चिठ्ठी मागतात! परंतु ती चिठ्ठी हीच पुढे त्यांची ढाल झाली. शत्रू त्यांस पुष्कळ होते. धर्मार्थ पैसा बाईंनी उधळला असे सिद्ध करण्यास ते आनंदाने पुढे आले असते. युद्ध संपल्यावर सन १८५७ साली बाईंनी आलेल्या देणग्या व त्यांची वाटणी ह्यांचा तपशीलवार हिशोब छापून सर्वांपुढे ठेविला.

शिपायांच्या पैशाचीही त्यांनी काळजी वाहिली. पगार हाती येताच दारूच्या दुकानात जाई, ह्याबद्दल अधिकारी शिपायांस दोष देत. घरी पैसे पाठविण्याची सोय मात्र कोणी केली नव्हती. बाई प्रथम स्वतः त्यांचे पैसे घेऊन इंग्लंडास पाठवू लागल्या. पुढे सरकारने मनिऑर्डरची कचेरी उघडली, तेव्हा सहा महिन्यांच्या आत ७१,००० पौंड शिपायांच्या घरी गेले.

आता ह्या चरित्रातील सर्वांत कठीण भागाकडे वळू. स्कुटारी येथे मृत्यूंच्या नोंदीची तीन निरनिराळी दप्तरे होती. एकात पुरलेल्यांची रोजची यादी, दुसऱ्यात डॉक्टरांची नोंद, तिसरे लष्करी कचेरीचे. तिन्हींची रुजुवात घालू जाता एकाचा दुसऱ्याशी मेळ बसेना. शेकडो माणसे पुरली गेली होती, पण डॉक्टरांच्या वहीत त्यांचे मरण नव्हते. युद्धानंतर बाईंनी विल्यम फार ह्या आकडेशास्त्रज्ञाच्या साह्याने ही सर्व दप्तरे जुळविण्याचे काम हाती घेतले. त्यातून निघालेले सत्य त्यांस सुखाचे नव्हते. फेब्रुवारी १८५५ मध्ये स्कुटारीस शेकडा ४२.७ रोगी मेले होते. जूनमध्ये ते प्रमाण शेकडा २.२ वर आले. आता परिचारिका तर नोव्हेंबरातच आल्या होत्या. त्यांच्या येण्यानंतरही सारा हिवाळा मरण वाढतच गेले. ते उतरले केव्हा? मार्च १८५५ मध्ये आरोग्य कमिशन आले, बराकीखालची तुंबलेली गटारे त्यांनी साफ करविली, हवा खेळती केली, त्यानंतर. रणभूमीजवळच्या लहान लहान पलटणी इस्पितळांतही स्कुटारीच्या मानाने माणसे कमी मेली होती.

सर्व देश बाईंची आरती करीत असताना त्यांच्या स्वतःच्या वहीने हे सांगितले. ही पाने बाजूस सारणे त्यांस सहज शक्य होते, आणि त्यांनी ती सारली असती तर त्या काळी कोणास कळलेही नसते. त्यांनी ती सरकारास सादर केलेल्या मोठ्या अहवालात सन १८५८ साली घातली, आणि आकडे पाहून कंटाळणाऱ्या मंत्र्यांसाठी वर्तुळाकार रंगीत आकृत्या काढविल्या. त्यांत जखमांनी मेलेले किती थोडे व टाळता येण्याजोग्या रोगांनी मेलेले किती अधिक हे एका दृष्टीत समजे. ह्या सर्वांत त्यांची प्रकृती कायमची खालावली. त्याच सन १८५८ साली लंडनच्या आकडेशास्त्र मंडळाने त्यांस सभासद करून घेतले. असा मान मिळालेली ती पहिलीच स्त्री.

इस्पितळांविषयी बाईंचे जे पुस्तक सन १८५९ साली प्रसिद्ध झाले व १८६३ साली वाढवून निघाले, त्यात त्यांनी सर्व इस्पितळांसाठी एकच नमुन्याचा तक्ता सुचविला आहे. सन १८६० साली लंडन येथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय आकडेशास्त्र परिषदेपुढेही तो ठेविण्यात आला. त्याची मांडणी आपल्या उपदेशक बंधूंस तत्काळ ओळखू येईल. वर्षारंभी इस्पितळात असलेले रोगी. त्यांत वर्षभरात दाखल झालेले मिळवा. मग बरे होऊन किंवा आराम पडून गेलेले, बरे न होता किंवा आपल्या मर्जीने गेलेले, मेलेले, आणि वर्षअखेर उरलेले. दोन्ही बाजूंची बेरीज सारखी आली पाहिजे. ही आपली रोजकीर्दच नव्हे काय? कालची शिल्लक व आजची जमा एकीकडे, आजचा खर्च व उरलेली शिल्लक दुसरीकडे. बाईंनी रुपयाच्या जागी माणूस मांडला, एवढेच. जो रोगी कोणत्याच रकान्यात सापडत नाही, त्याचे काय झाले हे व्यवस्थापकास सांगावे लागते. ह्याशिवाय प्रत्येक रोगी सरासरी किती दिवस राहिला, हाही एक रकाना आहे.

बरे न होता गेलेल्यांचा रकाना निराळा का ठेविला? कारण मरावयास टेकलेल्या रोग्यास वेळेवर घरी पाठविले म्हणजे इस्पितळाचे मृत्यू कमी दिसतात. ही युक्ती बाईंच्या नजरेतून सुटली नव्हती, आणि ती आजही सर्वत्र नाहीशी झाली असेल असे मला वाटत नाही.

हे आकडे कशासाठी, हेही त्यांनी तेथे स्पष्ट केले आहे. वर्गणीदारास आपला पैसा कसा खर्च झाला, त्यातून खरोखर किती हित झाले, किंवा हिताऐवजी अहितच झाले काय, हे कळावे म्हणून. शेवटची शंका वाचून मी पुष्कळ वेळ थांबलो. दवाखाना म्हटला की तो चांगलाच असणार, असे आपण धरून चालतो. बाई तसे धरून चालत नसत. लंडनच्या काही मोठ्या इस्पितळांनी हे तक्ते काही वर्षे भरले, परंतु रोगांच्या नावांविषयी डॉक्टरांचे एकमत होईना व काम फार वाढले, म्हणून ते मागे पडले.

दुसरे एक काम मात्र टिकले. लष्करी वैद्यकीय खात्यासाठी बाईंनी खर्चाच्या हिशोबाची जी पद्धत बसविली, ती सन १८६० ते १८६५ ह्या काळात अमलात आली. अशा पद्धतीचे मर्म समजण्यास लहानसे उदाहरण घेऊ. समजा, एका दहा खाटांच्या दवाखान्यात महिन्यात ६३,००० रुपये खर्च झाला. रोज किती खाटा भरलेल्या होत्या त्यांची महिन्याची बेरीज २१० आली. भागाकार केला असता एका रोग्याचा एका दिवसाचा खर्च ३०० रुपये पडला. पुढील महिन्यात खर्च ५६,००० रुपयांवर उतरला, आणि कमिटीने समाधान मानले. परंतु त्या महिन्यात भरलेल्या खाटांची बेरीज १४० च होती. म्हणजे दर रोग्यामागे रोजचा खर्च ४०० रुपये झाला. खर्च कमी झाला की वाढला? राखणदाराचा पगार, घरभाडे, दिव्यांचा खर्च हा रोगी आले काय व न आले काय, द्यावाच लागतो. औषध व अन्न मात्र रोग्यांच्या संख्येप्रमाणे कमीजास्त होते. हे दोन खर्च निराळे लिहिल्यावाचून काटकसर कोठे करावी हे कळत नाही. आणि मग अजाण कमिटी औषधच कमी करते, कारण ते कमी करणे सर्वांत सोपे असते. खाटा रिकाम्या का राहिल्या, हा प्रश्न कोणी विचारीत नाही. कदाचित पावसाने नाल्यास पूर आला असेल. कदाचित गेल्या महिन्यात कोणास दारातून परत लावले असेल.

लोकांनी बाईंच्या सन्मानार्थ सुमारे ४४,००० पौंडांचा निधी जमविला होता, त्यात सुमारे ९,००० पौंड तर शिपायांनीच आपल्या पगारातून दिले होते. ह्या निधीतून लंडनच्या सेंट टॉमस इस्पितळात सन १८६० च्या जून महिन्यात परिचारिकांची शाळा निघाली. ती हकिगत प्रसिद्धच आहे.

आपल्या देशाशी बाईंचा संबंध कागदांतूनच आला. त्या हिंदुस्थानात कधी आल्या नाहीत. सन १८५९ साली येथील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यास कमिशन नेमले गेले, तेव्हा बाईंनी प्रश्नांचे छापील तक्ते येथील छावण्यांकडे पाठविले, आणि गाड्या भरभरून उत्तरे आली. पिण्याचे पाणी कोठून, मैला कोठे, किती माणसे एका खोलीत, किती मेली. सन १८६३ चा अहवाल दोन हजारांहून अधिक पृष्ठांचा आहे. त्यात दर हजारी ६९ शिपाई दर वर्षी मरतात असे दिसले. दहा वर्षांनी, सन १८७३ साली, हे प्रमाण १८ वर आल्याचे बाईंनी लिहिले.

फौजेवरून त्यांची नजर रयतेकडे गेली. सन १८७० साली स्थापन झालेल्या पुणे सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार असे. मुंबई इलाख्यात शेतसाऱ्याच्या दर रुपयामागे एक आणा लोकल फंडाची पट्टी घेत. तिचे दोन हिस्से रस्ते वगैरे कामांकडे व एक हिस्सा शाळांकडे जाई. त्या वेळी आपला खानदेश एकच जिल्हा होता. पूर्व व पश्चिम असे त्याचे भाग सन १९०६ साली झाले. येथील कुणबी व भिल्लही ही पट्टी भरीत, आणि त्याच नाल्याचे पाणी पीत. सन १८९२ साली बाईंनी हिंदुस्थानच्या मंत्र्यास असे सुचविले की, गावाच्या पट्टीवर पहिला हक्क त्या गावच्या पाण्याचा व स्वच्छतेचा असावा. ते झाल्यावर उरलेला पैसा इतर कामांस जावा. त्या वेळी त्या बहात्तर वर्षांच्या होत्या व बहुतेक काळ अंथरुणास खिळलेल्या. मागणी जशीच्या तशी मान्य झाली नाही. सरकारास रस्ते अधिक निकडीचे वाटले.

पुढे त्यांची दृष्टी गेली, आणि वही हातची सुटली. सन १९०७ साली राजाने त्यांस मोठा किताब दिला, तेव्हा तो कशाबद्दल हे त्यांस नीट उमगण्याची शक्ती उरली नव्हती. ता. १३ ऑगस्ट १९१० रोजी लंडन येथे त्यांचा अंत झाला. वेस्टमिन्स्टर येथे राजांच्या शेजारी पुरण्याची सूचना नातलगांनी नाकारली, व बाईंच्या इच्छेप्रमाणे त्यांस ईस्ट वेलो गावच्या देवळाच्या अंगणात पुरले. दगडावर नावाची दोन अक्षरे व जन्ममृत्यूची नोंद एवढेच आहे. सदतीस वर्षांनी, सन १९४७ साली, ब्रिटिश पार्लमेंटच्या एका कमिटीने सरकारी खर्चाची तपासणी केली, तेव्हा लष्करी वैद्यकीय खात्याचा हिशोब तिला इतरांपेक्षा उत्तम आढळला. आणि ही पद्धत कोणी घालून दिली ह्याचा शोध घेता तो नाइटिंगेल बाईंपाशी जाऊन पोहोचला.